एकच गाडी दोनदा सुटली

४ जानेवारी

ती. मामांना,

नमस्कार. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्र लिहिते आहे.

शहराबाहेरून मालगाड्यांसाठी वेगळा मार्ग न्यायचं अखेर ठरलं. आखणीचं काम माझ्या विभागाकडे आलंय आणि अहवालावर सही माझी असणार आहे. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी नकाशे रंगवले, आता माझा नंबर लागला. आमच्या कचेरीत याला जबाबदारी म्हणतात. जमलं तर ते साहेबांनी केलं आणि फसलं तर मी, इतका सोपा हिशेब आहे.

आमच्या घरासमोरचं रेल्वे फाटक तुम्हाला आठवत असेलच. आता ते तासातली पंचवीस मिनिटं बंद असतं. कोळसा जातो, मग सिमेंट, मग पुन्हा कोळसा. लोक गाड्या बंद करून खाली उतरतात आणि एकमेकांच्या घरच्यांची चौकशी करतात. गेल्या वर्षी आईला झटका आला तेव्हा आम्ही त्याच फाटकात अडतीस मिनिटं उभे होतो. मी दोन गाड्यांच्या एकशे नऊ वाघिणी मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर डावा हात वाचला असता. म्हणून हा मार्ग मला हवाय, आणि लवकर हवाय.

आता तुम्ही कॉलर ताठ करा. नवा मार्ग तुमच्या जुन्या स्टेशनातून, त्याच्या पुढच्या चढावरून जाणार आहे. खाणीकडची आणि बंदराकडची अशा दोन लाइनी चढाच्या पायथ्याशी एकत्र येतील. प्रत्येक मालगाडी तिथे थांबेल आणि तिची पाळी आली की चढायला लागेल. हे जमेल कशावरून? तर तुमच्यावरून! रेकॉर्डरूममधून तुमची बावीस वर्षांची रजिस्टरं काढली. पानोपानी तुमचं ते सुंदर अक्षर, ‘वेळेवर आली, न थांबता पुढे गेली’. बावीस वर्षांत एकही मालगाडी त्या चढावर अडली नाही. सल्लागार कंपनीने त्याचा आलेख काढून भिंतीवर लावलाय. एक सरळ रेघ आहे. साहेब तिच्यासमोर उभे राहून पाहुण्यांना माहिती देतात.

मार्चमध्ये जाहीर सुनावणी आहे. तुमच्या गावातले लोक तुमचं ऐकतात. चार शब्द बोलाल का? चांगले.

तुमची,
पट्टी

१२ जानेवारी

चि. पट्टीस,

अनेक आशीर्वाद. लहानपणी फूटपट्टी घेऊन घरातल्या माणसांची नाकं मोजत फिरायचीस, म्हणून तुला हे नाव पडलं. आता डोंगर मोजायला लागलीस. नाकं मोजत होतीस तेव्हा निदान जवळ जाऊन मोजायचीस.

तुमचे पाहणी करणारे येऊन गेले बरं का! तिघे होते. एकाच्या हातात उडतं यंत्र, दुसऱ्याच्या हातात त्याचं बटण, तिसऱ्याचे हात रिकामे, म्हणजे तो वरिष्ठ असणार. यंत्र झाडात अडकलं आणि ते काढण्यात दुपार गेली. मी विचारलं, “चढावर पायी जाऊन बघणार नाही का?” तर वरिष्ठ म्हणतो, “आजोबा, वरचं सगळं आम्हाला खालून दिसतं.” आजोबा! मला! उंटावरून शेळ्या हाकणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले, पण ते निदान उंटावर तरी चढायचे. यांनी गाडीची काचसुद्धा खाली केली नाही. जाताना त्यांनी मला स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. माझ्याकडून त्यांनी घेतलेली माहिती ती एवढीच.

संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर आम्ही दोघे निवृत्त बसतो, मी आणि आमचा सांधेवाला. तुला तो आठवेल. हातातली दांडी ओढून रुळांचे सांधे बदलायचा. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नाही. स्वतःच्या बेफिकिरीने घालवला बिचाऱ्याने. झाडात अडकलेलं यंत्र बघून तो पोट धरून हसला.

रजिस्टरांचं म्हणशील तर होय, बावीस वर्षांत लाल शाईचा एक ठिपका दाखव. माझ्या आधीच्या मास्तरच्या वह्या उघडल्या तर लाल शाईच दिसेल. मुख्य कचेरीने वक्तशीरपणाबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते पहिल्याच वर्षी मागे पडायला लागलं, पण तो दोष घड्याळाचा.

एक मात्र सांगतो. पायथ्याशी गाड्या थांबवू नका. थांबवायच्याच असतील तर अलीकडच्या स्टेशनात, सपाटीवर थांबवा. का, ते विचारू नकोस. जुन्या माणसाचा अनुभव आहे असं साहेबांना सांग.

सुनावणीत बोलेन. पाठ टेकायची खुर्ची ठेवा.

तुझ्या आईला म्हणावं, हाताचे व्यायाम कर. ती करणार नाही. आमच्या घरात दुसऱ्याचं ऐकणारं माणूस अजून जन्मायचं आहे.

तुझा,
मामा

२१ जानेवारी

ती. मामांना,

नमस्कार. तुमचा अनुभव मी भर बैठकीत मांडला. साहेबांनी विचारलं, “हा कुठल्या रकान्यात भरायचा?” सल्लागारांपैकी एकजण, ज्याच्या कपाळावर अजून झाडाचा ओरखडा आहे, म्हणाला, “एकीकडे बावीस वर्षांची रजिस्टरं आणि दुसरीकडे ‘का ते विचारू नकोस’. आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच गृहस्थांची!” सगळे हसले. मीही हसले, मामा. तुमच्यावर हसले आणि घरी येताना स्वतःची लाज वाटली.

तुम्हाला आमच्या लोकांची टर उडवायला आवडतं, उडवा. ते त्याच लायकीचे आहेत. पण ते निदान आकडे देतात. तुम्ही फक्त भुवया उंचावता. बाकावर बसून मान हलवणाऱ्या माणसाच्या मानेवरून मला लोहमार्ग नेता येत नाही.

तेव्हा पायथ्याचा थांबा कायम आहे. आणखी एक बदल झालाय. तुमच्या स्टेशनामागे ती वाळूची सायडिंग आहे ना, चढावरून घसरत आलेली गाडी वाळूत घालून थांबवायची, ती काढून टाकणार आहेत. बावीस वर्षांत ती एकदाही वापरल्याची नोंद नाही. तिच्या पलीकडे आता दोनशे घरांची नवी वस्ती झालीय आणि त्यांना स्टेशनाकडे यायला सरळ रस्ता हवाय. तो त्या जागेवरून जाईल. वस्तीतले लोक साहेबांवर खूश आहेत.

माझी सही पुढच्या महिन्याअखेरीस आहे. तोवर तुम्हाला काही सांगायचं असेल तर कारणासकट सांगा. मी कोणत्या मामांचं खरं मानू, रजिस्टरातल्या की पत्रातल्या?

पट्टी

२ फेब्रुवारी

चि. पट्टीस,

आशीर्वाद. सायडिंग काढताय? कोणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं? त्याला पुरस्कार द्या आणि त्या दोनशे घरांतल्या अगदी पहिल्या घरात राहायला पाठवा.

दहा दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. आता सांगतो, पण माझं नाव कचेरीत घ्यायचं नाही, ही अट.

भरलेली मालगाडी लांबून वेग घेत आली तर तो चढ चढते. पायथ्याशी एकदा उभी राहिली की संपलं. चाकं जागच्या जागी फिरतात. सकाळी रुळांवर दव असलं तर बघायलाच नको, गाडी उलटी मागे येते. तुमच्या सल्लागारांचं गणित कोरड्या रुळांचं आणि नव्या कोऱ्या इंजिनांचं असणार. आमच्याकडे दोन्ही क्वचितच यायची.

म्हणून आम्ही तिला पायथ्याशी थांबू द्यायचोच नाही. वरची लाइन मोकळी नसली की मी अलीकडच्या स्टेशनच्या मास्तरला फोन करायचो आणि म्हणायचो, “त्यांना चहा पाजा.” तो ड्रायव्हर आणि गार्डला चहा पाजत बसायचा. कधी एक कप, कधी चार. वर मोकळं झालं की मी म्हणायचो, “कप विसळा,” आणि गाडी सुटायची ती माझ्या स्टेशनातून धाडधाड करत थेट माथ्यावर. कोणत्याही नियमपुस्तकात हे नाही. मला आधीच्या मास्तरने सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्याने.

आता कागदाचं ऐक. एखादी गाडी अलीकडच्या स्टेशनात पंधरा मिनिटं उभी राहिली की मला मुख्य कचेरीचा मेमो यायचा, खुलासा करा. मी लिहायचो, चढ आहे. उलट टपाली यायचं, चढ पूर्वीपासून आहे, विलंबाचं कारण द्या. पहिल्या वर्षात मी असे एकतीस खुलासे लिहिले. मग अलीकडच्या मास्तरने तोडगा काढला. गाडी येऊन उभी राहिली तरी लिहायचंच नाही. सुटली की त्याच मिनिटाला ‘आली आणि गेली’ असं लिहायचं. चहा पीत उभी असलेली गाडी कागदावर आलेलीच नसायची. मेमो थांबले. वरचे खूश, खालचे खूश, आणि माझ्या भिंतीवर घड्याळ.

तर तुमच्या साहेबांची ती सरळ रेघ म्हणजे बावीस वर्षांचा चहा आहे. त्यांना म्हणावं, पाहुण्यांना हे पण सांगा.

अहवालात ‘स्थानिक सूत्रांकडून समजते की’ असं काहीतरी घाल. तुमच्याकडे अशी वाक्यं तयार असतात.

मामा

९ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना फाडावंसं वाटलं.

आयुष्यभर तुम्ही कचेरीतल्या लोकांना नावं ठेवत आलात. ते खोटे, ते कागदी, त्यांना जमिनीवरचं कळत नाही. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे आले की मी तोंडाचा आ करून ते ऐकायचे, आणि मोठी झाल्यावर कागदावर कधी खोटं लिहायचं नाही असं ठरवलं, ते तुमच्यामुळे. आणि सर्वांत मोठा कागदी माणूस निघाला कोण? कचेरीला जमिनीवरचं कळत नाही म्हणता, पण कळणार कसं? तुम्ही कळू दिलंत का? आम्ही मूर्ख आहोत हे मान्य, पण आम्हाला मूर्ख बनवायचं काम बावीस वर्षं रोज तुम्ही नेमाने केलंत, सुंदर अक्षरात.

‘स्थानिक सूत्रांकडून’ चालणार नाही. निनावी सूत्र म्हणजे पुन्हा मान हलवणंच. रजिस्टर खोटं आहे हे ज्याने लिहिलं त्यानेच सहीनिशी सांगितलं तरच ते खोटं ठरेल. मला तुमचं लेखी निवेदन हवं, नाव आणि हुद्द्यासकट.

आणि हेही नीट समजून घ्या. तुमचं निवेदन दिलं की आखणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आमच्या घरासमोरचं फाटक आणखी वर्ष दीड वर्ष असंच राहणार. आई रोज खिडकीत बसून ते बंद होताना बघते. तरी मी मागते आहे. न मागता सही केली तर एक दिवस एखादी गाडी उलटी येईल आणि वाळूच्या जागी रस्ता असेल.

अजून एक विचारायचंय. तुमचं पत्र आल्यावर मी तुमची आणि अलीकडच्या स्टेशनची रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा तपासली. एकोणीस वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका दिवशी अलीकडच्या स्टेशनातून बेचाळीस वाघिणींची एक गाडी सुटली आहे. एकदाच. तुमच्या स्टेशनातून मात्र तीच गाडी, त्याच नंबरची, दोनदा सुटली आहे. सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी पाचला. त्याच पानावर खाली आणखी एक नोंद आहे, ‘शंटिंग करताना सांधा बदलण्यास उशीर केल्याने व स्वतःच्या निष्काळजीपणामुळे सांधेवाल्याचा पाय गेला.’

गाडी दोनदा कशी सुटली, मामा?

पट्टी

२७ फेब्रुवारी

मामा,

अठरा दिवस झाले. फोन तुम्ही उचलत नाही. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या की तुम्ही बाकावरही जात नाही, दार लावून घरात असता.

मी सही दोन आठवडे पुढे ढकलली आहे. तब्येत बिघडल्याचं खोटं कारण दिलं. म्हणजे आता आपण दोघेही.

पट्टी

६ मार्च

चि. पट्टीस,

निवेदन सोबत जोडलंय. चार पानं, प्रत्येक पानावर सही. साहेबांच्या रकान्यात मावत नसेल तर रकाना मोठा करायला सांग.

आता गाडी दोनदा कशी सुटली ते. निवेदनात ते सरकारी भाषेत आहे, तुला साध्या भाषेत सांगतो.

त्या दिवशी मुख्य कचेरीचे मोठे साहेब खास गाडीने यायचे होते. कशासाठी, तर मला ते घड्याळ द्यायला. मी इस्त्रीचा कोट घातला होता. सकाळपासून प्लॅटफॉर्म दोनदा धुऊन घेतला. मालगाडी अलीकडच्या स्टेशनात चहा पीत उभी होती आणि तिच्या मागे साहेबांची गाडी अडकली होती. वक्तशीरपणाचं बक्षीस द्यायला येणाऱ्या माणसाला माझ्यामुळे उशीर होणार! वरची लाइन अजून मोकळी नव्हती. तरी मी फोनवर म्हटलं, कप विसळा. मालगाडी माझ्या स्टेशनातून पुढे काढली आणि पायथ्याच्या सिग्नलला उभी केली. म्हटलं, दहा मिनिटांत वर मोकळं होईल, एवढ्यात काय होतंय. बावीस वर्षांत तेवढीच एक गाडी मी तिथे उभी केली.

खास गाडी वेळेवर आली. साहेब डब्यातून उतरायच्या आत मालगाडी मागे यायला लागली. बेचाळीस भरलेल्या वाघिणी, सरळ त्या डब्याच्या दिशेने. मला ते दिसलं आणि माझे पाय जागचे हलले नाहीत. सांधेवाल्याची पाळी संपली होती, तो घरी निघाला होता. त्याला कोणी सांगितलं नाही. तो पिशवी टाकून धावला, दांडी ओढली आणि अख्खी गाडी वाळूत घातली. दांडी सोडून मागे व्हायला त्याला जागा मिळाली नाही. शेवटच्या वाघिणीखाली पाय गेला.

मोठ्या साहेबांनी डब्यातून विचारलं, “कसला आवाज?” मी म्हटलं, “शंटिंग चालू आहे, सर.” तासाभराने त्यांच्या हातून घड्याळ घेतलं. हसलोसुद्धा. फोटो आहे.

संध्याकाळी पाचला गाडी वाळूतून काढून पुन्हा सोडली, म्हणून ती दोनदा सुटली, आणि मग ती नोंद लिहिली. खरं लिहिलं असतं तर गाडी तिथे का उभी केली हे लिहावं लागलं असतं. मग चहाचं निघालं असतं, मग बावीस वर्षांचं नाही तरी तोपर्यंतच्या सगळ्या वर्षांचं. म्हणून शुद्धीवर नसलेल्या माणसाला दोषी ठरवलं. त्याला उशीर झाला असं लिहिलं. त्याने चौकशीत सही केली, कारण मास्तरांनी लिहिलंय.

आता पुढचं ऐकून माझी कीव करू नकोस, त्याची मला सवय नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसतो आणि जगातल्या सगळ्या मूर्खांवर तोंडसुख घेतो. तो हसतो. तुमच्या यंत्रवाल्यांवर मी जे काही बोललो त्यातलं निम्मं तरी मला लागू आहे, आणि यंत्रवाल्यांनी अजून कोणाचा पाय घालवलेला नाही.

निवेदन पाठवतोय हे त्याला अजून सांगितलेलं नाही. हिंमत झाली नाही. म्हणून बाकावर जात नाही.

मामा

२६ मार्च

ती. मामांना,

नमस्कार. जाहीर सुनावणी पुढे ढकलली, त्याआधी निवेदन नव्या मार्गाच्या समितीपुढे मी स्वतः वाचलं. तिसऱ्या पानावर माझा आवाज गेला, तेव्हा टंकलेखक बाईंनी पुढचं वाचलं.

साहेबांनी एका तासात तीन भूमिका घेतल्या, त्या क्रमाने देते. पहिली, “म्हातारा भ्रमिष्ट झाला आहे.” दुसरी, “हे प्रकरण जुनं आहे, आता काय उपयोग.” आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी निवेदन हातात मागून घेतल्यावर तिसरी, “मला पहिल्यापासून शंका होतीच.” भिंतीवरचा आलेख जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी काढून नेला. आता तिथे चार खिळे आहेत.

तज्ज्ञांनी चाचणीचा हुकूम काढला. गेल्या मंगळवारी सकाळी भरलेली मालगाडी मुद्दाम पायथ्याशी उभी केली आणि मग सोडायचा प्रयत्न केला. सल्लागार कंपनीचे सगळे जण रंगीत टोप्या घालून हजर. इंजिनाने जोर लावला, चाकं फिरली, धूर निघाला, गाडी हातभरसुद्धा पुढे गेली नाही. मग हळूच मागे यायला लागली आणि टोप्या चारी दिशांना पळाल्या. ब्रेक लावून, मागे आधीच तयार ठेवलेलं दुसरं इंजिन जोडून ती कशीबशी वर नेली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तोवर बाकीच्या सगळ्या मालगाड्या शहरातून वळवाव्या लागल्या आणि आमच्या घरासमोरचं फाटक सलग एक तास पन्नास मिनिटं बंद. त्यात साहेबांची गाडी सर्वांत पुढे अडकलेली. ते चाचणीला येणारच नव्हते, केस कापायला निघाले होते. आईने त्यांना खिडकीतून ओळखलं आणि पूर्ण वेळ एकटक बघत बसली.

तर निर्णय असा झाला. थांबा अलीकडच्या स्टेशनात, सपाटीवर. पायथ्याशी सिग्नलसुद्धा नाही. वाळूची सायडिंग राहणार, वस्तीचा रस्ता वळसा घालून. काम सतरा महिने पुढे गेलं. सुधारित आखणीवर माझी सही झाली.

मी आईला घाबरत घाबरत सतरा महिन्यांचं सांगितलं. म्हटलं, मामांनी आधीच खरं सांगितलं असतं तर इतकं लांबलं नसतं. तिने तुम्हाला जे म्हटलं ते मी लिहीत नाही, तुम्ही तिच्यापेक्षा मोठे आहात. नंतर म्हणाली, “माझा हात गेला तो गेला. तो सांधेवाला एकोणीस वर्षं आपलीच चूक समजून बसलाय, त्याला जाऊन कोणी सांगितलं का?”

त्याच्या नोंदीची दुरुस्ती करायचं पत्र कचेरीतून येत्या आठवड्यात निघेल. मामा, ते त्याच्या हातात पडायच्या आत तुम्ही गेलं पाहिजे. टपालाने कळवू नका.

पट्टी

३ एप्रिल

चि. पट्टीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं त्या दुपारीच गेलो. चाळीस पावलांवर घर आहे, अर्धा तास लागला. वाटेत दोघांशी विनाकारण गप्पा मारल्या. त्यातला एक तर मला मुळीच आवडत नाही.

तो ओसरीत कुबडी शेजारी टेकवून चपलेचा अंगठा शिवत बसला होता. एकाच चपलेचा, दुसरी लागतच नाही. म्हणाला, “काय मास्तर, महिनाभर तोंड लपवून बसलात. कोणाशी भांडलात?” मी घरून चार वाक्यं ठरवून नेली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाडी मी थांबवली, साहेबांसाठी थांबवली, माझे पाय हलले नाहीत, आणि रजिस्टरात खोटं लिहिलं. त्याने सुई खाली ठेवली.

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. तेवढ्या मी मनात मोजूनही ठेवल्या होत्या. कुबडी उगारली असती तरी मी हललो नसतो, निदान या वेळी. त्याने तसलं काही केलं नाही. मग म्हणाला, “मी पिशवी टाकायला थांबलो होतो, मास्तर. तेवढाच वेळ गेला असं मला वाटायचं. पिशवी हातात घेऊनच पळालो असतो तर पाय वाचला असता, असं वाटायचं. तुम्ही उशीर झाला असं लिहिलंत, म्हणजे झालाच असणार.”

त्याने विचारलं, “म्हणजे मी वेळेत पोचलो होतो?”

मी म्हटलं, “हो. वेळेत पोचला होतास.”

“डब्यातल्या कोणाला काही झालं नाही?”

“कोणाला नाही.”

त्याने घरात हाक मारली. त्याची बायको हात पुसत बाहेर आली. तो तिला म्हणाला, “मास्तर काहीतरी सांगतायत, ऐक.” आणि मला म्हणाला, “आता हिला सांगा. पहिल्यापासून.”

मी पहिल्यापासून सांगितलं.

मामा